पाखरांची खोली

माझा भाऊ जौदत साबण रचतो. नाब्लुसच्या जुन्या कारखान्यात ऑलिव्हच्या तेलाचा साबण कापून झाला की वड्या वाळायला ठेवतात. त्या अशा रचायच्या की मधून वारा खेळला पाहिजे आणि मनोरा डोक्याच्या वर गेला तरी ढळता कामा नये. एवढंच त्याचं काम. सकाळी जातो, संध्याकाळी येतो, अंगाला साबणाचा वास आणि तोंडात शब्द नाही. तुरुंगात अकरा वर्षं काढली त्यानं. गेला तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा होता. आला तेव्हा दाढी पांढरी व्हायला लागली होती, आणि जिच्याशी लग्न ठरलं होतं तिची मुलं शाळेत जात होती. त्यानं तिला दोष दिला नाही. मला द्यावासा वाटला आणि मी भर बाजारात दिला. माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्या दैर रुम्मान गावाला माहीत आहे.

मी त्याची थोरली बहीण. नवरा वारल्यावर माहेरच्या घरात परत आले. खाली मी राहते, वर तो. माझा मुलगा नाजी कुवेतला असतो आणि ईदला फोन करतो. त्याच्या नावानं गाव मला उम्म नाजी, नाजीची आई म्हणतं, आणि जौदतही तेच म्हणतो. लहानपणी नावानं हाक मारायचा. तुरुंगातून आला तो सगळ्यांना मान देतच आला, मांजरालासुद्धा.

त्याचा एकच नेम होता. दर शुक्रवारी नमाज झाली की तो उम्म हिल्मीकडे जायचा. हिल्मी हा त्याचा जिवाभावाचा दोस्त, एका ताटात जेवलेले दोघं. लष्कर हिल्मीच्या मागावर होतं तेव्हा तो कित्येक महिने ओढ्यापलीकडच्या गुहांमध्ये लपून होता. मग जौदतला पकडलं. महिना झाला नसेल, तोच जुन्या विहिरीपाशी हिल्मीला गोळ्या घातल्या. सैनिक आदल्या रात्रीपासून तिथं दबा धरून बसले होते, म्हणजे कुणीतरी विहीर दाखवली होती. कुणी, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

सुटून आल्या दिवशी जौदत आधी उम्म हिल्मीच्या पायाशी गेला, मग घरी आला. तेव्हापासून तिचा गॅस तो आणतो, गच्चीवरची टाकी तो धुतो, ऑलिव्ह उतरवायला तो जातो. तिला यम्मा म्हणतो. तिचा धाकटा मुलगा मुताज आहे, पण तो बांधकामावर रामल्लाला असतो, आला तर आला. शिवाय त्याचं डोकं कायम तापलेलं. तोसुद्धा त्याच महिन्यात, हिल्मी जिवंत असतानाच, पकडला गेला होता, सतराचा असेल, दोन वर्षं आत होता. आमच्या गावात कधी आत गेलाच नाही असा पुरुष शोधायला दिवा लावावा लागेल.

दर शुक्रवारी कॉफी झाली की उम्म हिल्मी दोन्ही हात वर करायची आणि विहीर दाखवणाऱ्याला शाप द्यायची. त्याच्या जिभेत किडे पडोत, त्याला मरताना पाणी देणारं कोणी नसो. बसलेले सगळे म्हणायचे, आमीन. मी सगळ्यात मोठ्यांदा म्हणायचे. जौदतही म्हणायचा. माझ्याच शेजारी बसून म्हणायचा.

मग ती लमीस आली. नाझरेथची पोरगी, पँट घालणारी, सिगारेटवर सिगारेट ओढणारी, आणि बोलायला इतकी गोड की माझाही राग टिकेना. तिला सुटून आलेल्या कैद्यांवर फिल्म करायची होती. म्हणाली, "खाला, मला गोष्ट नकोय. त्यांनी एकमेकांसमोर बसून बोलावं, इतकंच हवंय." मी म्हटलं, "बाई, ते बोलतातच. लग्नात बोलतात, मयतीला बोलतात, न्हाव्याकडे बोलतात. कान किटलेत आमचे." तर ती हसली आणि म्हणाली, "जे बोलत नाहीत ते हवंय." तेव्हाच तिला दारातूनच परत पाठवावं असं मला वाटलं. खोटं कशाला सांगू, वाटलं.

जौदतनं कानांवर हात ठेवले. नको म्हणाला तो नकोच. पण उम्म हिल्मीनं त्याला बोलावून घेतलं. "जा," म्हणाली. "माझ्या पोराचं नाव जगात जाऊ दे. तुझ्याशिवाय त्याच्याबद्दल कोण सांगणार? मुताज तर नुसता ओरडतो." तिला नाही म्हणणं याला येतच नाही. आला घरी, चपला काढल्या, जिन्यावर बसून राहिला. मी जेवायला हाक मारली तर म्हणाला, भूक नाही.

जागा ठरली शकीबची. शकीब टॅक्सी चालवतो, तोंडाळ माणूस, तोही जुना कैदी. त्याची कोंबड्यांची शेड रोग आल्यापासून ओस पडली होती. ती झाडून घेतली, सतरंज्या टाकल्या, मधोमध कॅमेरे लावले. वास मात्र गेला नाही. पाच माणसं जमली: शकीब, मुताज, आमचा जौदत, आणि पलीकडच्या गावचे दोघे भाऊ. स्वयंपाक माझ्याकडे आला. मी कोपऱ्यात चूल मांडली, म्हणून जे झालं ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. ऐकीव काही सांगत नाही.

पहिले काही दिवस नुसता हशा. तुम्हाला खरं वाटणार नाही, पण तुरुंगातून आलेली माणसं एकत्र आली की लग्नाच्या वऱ्हाडासारखी हसतात. कोणी पावाच्या चुऱ्याचा केक कसा केला होता, कोणी पहारेकऱ्याचं टोपणनाव काय ठेवलं होतं. शकीब तर उभा राहून नकला करायचा. लमीस मध्येच हळूच विचारायची, "आणि मग?" की सगळे गप्प व्हायचे, चहा मागायचे. जौदत बहुतेक वेळ माझ्याजवळ येऊन लसूण सोलायचा. दाराकडे पाठ करून मात्र कधी बसला नाही. दुपारची थाळी तो तशीच परत द्यायचा, आणि मी ती ओढणीआड नेऊन कुत्र्याला घालायचे.

मग रविवारी विषय निघाला पाखरांचा.

पाखरं कोण, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आधी चौकशीत तुमची हाडं सैल करतात. खुर्चीला बांधतात, डोक्यावर पिशवी, झोप नाही. तुम्ही तोंड उघडत नाही. मग एके दिवशी म्हणतात, झाली चौकशी, जा आता तुरुंगात. आणि एका मोठ्या खोलीत नेऊन सोडतात. तिथं आपलीच माणसं. मिठ्या मारतात, आंघोळीला गरम पाणी देतात, नमाजाला जागा करून देतात. त्यांचा एक म्होरक्या असतो, त्याला अमीर म्हणतात. तुम्हाला वाटतं, सुटलो, आपल्यांत आलो. आणि ते सगळेच्या सगळे विकले गेलेले असतात. ती खोली म्हणजे पाखरांची खोली. जे खुर्चीवर सांगितलं नाही ते तिथं माणूस आपणहून सांगतो.

लमीसनं विचारलं, "तुम्हाला कुणाला नेलं होतं तिथं?"

"सगळ्यांनाच नेतात," शकीब म्हणाला. "पण मला कोण फसवणार? मी पाय ठेवला आणि ओळखलं. सिगारेटी बघ किती, पाकिटंच्या पाकिटं. खऱ्या कोठडीत एक सिगारेट चौघं ओढतात."

भावांपैकी एक म्हणाला, "त्यांची नखं कापलेली होती. मी तिथंच हसलो."

"मी तर त्या अमीराला म्हटलं," दुसरा म्हणाला, "दादा, दाढी चिकटवलीय ती सुटायला लागलीय." पुन्हा सगळे हसले. मुताज म्हणाला, आपण पहिल्याच दिवशी ओळखलं. जौदतकडे सगळ्यांनी पाहिलं. "मीही," तो म्हणाला. "पहिल्याच दिवशी."

आमच्याकडे हे असंच सांगतात. मारलं, हे सांगता येतं. रडलो, हेही सांगता येतं. पण पाखरांनी फसवलं असं कबूल केलेला माणूस मी आजवर पाहिला नव्हता. सगळ्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलेलं असतं. मग इतकी माणसं पकडली कशी जातात, हे कोणी विचारत नाही.

लमीस म्हणाली, "मला कळत नाही हो, ते बोलतात तरी कसं. कोणी करून दाखवाल?"

शकीबला एवढंच हवं होतं. "मी कैदी होतो," म्हणाला. "नवाकोरा, नुकताच मार खाऊन आलेला. अमीर कोण होणार? जौदत, ऊठ. तुझा चेहरा मौलवीसारखा आहे, तू बस अमीर."

जौदत नाही म्हणाला. त्यांनी ओढलं. मुताजनंच पाठीवर थाप मारली, "ऊठ ना, लाजतोस काय नवरीसारखा." आणि तो उठला.

अल्लाची शपथ, तो उठला तेव्हा माझा भाऊ होता, आणि चार पावलं चालून गेला तेव्हा नव्हता. त्यानं शकीबचा चेहरा दोन्ही हातांत धरला, कपाळाचं चुंबन घेतलं. माझ्या हंड्यातलं पाणी घेऊन त्याचे हात धुतले, बोटं एकेक करून. स्वतःच्या अंगावरचा कोट काढून त्याच्या खांद्यांवर टाकला. "इथं तुला कोणी काही विचारणार नाही," म्हणाला. "आधी खा. झोप. तुझी आई बरी आहे, निरोप आलाय." थाळीतलं एक अंडं घेतलं, सोललं, अर्धं त्याला दिलं, अर्धं परत ठेवलं. आवाज इतका मऊ की मलाच रडू यायला लागलं. शकीब आधी डोळे मिचकावत होता, पण मग त्याचंही मिचकावणं थांबलं.

मग जौदतनं मधलं सगळं गाळलं आणि शकीबच्या अगदी जवळ बसला. कितवा दिवस, काय, काही सांगितलं नाही. त्याच्या मानेवर तळवा ठेवला आणि पुटपुटला, "तुझा कोणी बाहेर आहे, मला ठाऊक आहे. नको, कुठे आहे ते मला सांगू नकोस. मला ऐकायचंच नाही. भिंतींचा काय भरवसा. एवढंच सांग, त्याच्यापर्यंत भाकरी पोचते ना? आता तू आत आलास. त्याची भाकरी कोण ठेवणार?"

मग शकीब खो खो हसत सुटला, भावांनी टाळ्या पिटल्या. "अरे, तू साबण कसला रचतोस! टीव्हीवर जा!" शकीब म्हणाला. "भाकरीचं तर फारच भारी. कुठून सुचलं?"

मुताज हसला नाही. त्याच्या तोंडचा रंग उडाला होता, ओठ राखेसारखे झाले होते. तो उभा राहिला. "पहिल्या दिवशी ओळखलं म्हणालास ना?" त्यानं जौदतला विचारलं. "मग तिसऱ्या दिवशीचे शब्द तुला कसे पाठ?"

जौदतनं कोट उचलला, झटकला, अंगात घातला. तेव्हा मुताज दुसरं वाक्य बोलला, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. "ते शब्द ज्याला इतके येतात त्यानं ते बोललेलेच असणार. किती जणांना भरवलीस रे अंडी?"

माझ्या हातातली पळी खाली पडली. पाखरू म्हणत होता तो माझ्या भावाला. आमच्या गावात हा शब्द एखाद्याला चिकटला की पुढे काय होतं ते मी एकदा पाहिलंय. खाणीत सापडला होता तो माणूस, चेहऱ्यावरून ओळखू आला नाही. दफनाला त्याचे दोन भाऊही आले नव्हते. नंतर कळलं, त्यानं काहीच केलं नव्हतं. नंतर कळून काय उपयोग.

संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं. सोमवारी बेकरीवाल्यानं माझ्या सलामाला उत्तर दिलं नाही, पाव हातात न देता फळीवर ठेवला. मंगळवारी कारखान्याच्या मुकादमानं जौदतला सांगितलं, चार दिवस घरी बस, गर्मी उतरू दे. बुधवारी सकाळी मी दार उघडलं तर कडीला एक चिमणी बांधलेली. मेलेली. पायाला सुतळीची नीट गाठ मारलेली, घाईनं नव्हे. मी ती सोडवली, कागदात गुंडाळली, अंजिराखाली पुरली आणि आत येऊन दोन तास भांडी घासली. जौदतला सांगितलं नाही. पण त्यानं वरच्या खिडकीतून पाहिलं असणार, कारण खाली आला तेव्हा पहिला प्रश्न होता, "तुला कोणी काही बोललं का?"

त्याच दुपारी मुताज आला. आत आला नाही, उंबऱ्यावर उभा राहिला. जाकिटाचा एक खिसा लोंबत होता, आत काहीतरी जड होतं. "शुक्रवारची नमाज होईपर्यंत थांबतो," म्हणाला. "तोवर सांग, ते शब्द कुठे शिकलास. नाहीतर मशिदीच्या दारात मी बोलेन. मग मला आवरता येणार नाही, आणि बाकीच्यांना तर नाहीच."

"तू आत ये आणि चहा पी," मी म्हटलं. "लहानपणी माझ्या ताटातला भात खाल्लास, आता दारात उभं राहून धमक्या देतोस? लाज कशी वाटत नाही?"

"उम्म नाजी, तुमचा मला आदर आहे," तो म्हणाला. "म्हणूनच शुक्रवारपर्यंत."

लमीसचा फोन आला, पोरगी रडत होती. म्हणाली, तो भाग मी पुसून टाकते, कोणी पाहणार नाही. जौदतनं फोन घेतला. "पुसू नका," म्हणाला. "पुसलंत तर म्हणतील, लपवलं."

गुरुवारी तो आमच्या गच्चीवर टाकी धुवायला चढला. टाकी महिन्यापूर्वीच धुतली होती. मी मागोमाग गेले. त्याच्या हातात ब्रश होता आणि तो कोरड्या टाकीच्या कडेवर बसला होता. मी म्हटलं, "जौदत, मी तुझी बहीण आहे. मला खरं सांग. होतास तू पाखरू?"

"नव्हतो," तो म्हणाला.

"मग झालं. कुराणावर हात ठेव आणि सगळ्यांसमोर सांग."

"मग ते शब्द कुठे ऐकले, हेही सांगावं लागेल." तो ब्रशचे केस ओढत राहिला. "मला म्हटले ते त्यांनी. मला, उम्म नाजी. माझ्या मानेवर हात ठेवून. पहिल्या दिवशी ओळखलं नव्हतं मी. दुसऱ्या दिवशीही नाही. किती दिवस झोपलो नव्हतो कोण जाणे. त्यानं मला अर्धं अंडं दिलं. मला वाटलं, याच्याकडून निरोप बाहेर जाईल, आणि हिल्मीला कोणीतरी भाकरी नेऊन देईल. मी आत आलो होतो ना. तो उपाशी असेल, हेच डोक्यात. मी सांगितलं, विहिरीच्या काठच्या सपाट दगडाखाली ठेवायची."

मी तिथंच खाली बसले. आणि मग मला राग आला, इतका आला की मी उठून त्याच्या तोंडात मारली. बेचाळीस वर्षांच्या माणसाच्या. त्यानं तोंड बाजूला केलं नाही. मग मीच त्याला पोटाशी धरलं आणि रडले.

शांत झाल्यावर मी डोकं चालवायला लागले. बाईचं डोकं असं चालतं, नाहीतर घरं राहिली नसती. म्हटलं, "नाजीकडे जा. कुवेतला. आज रात्रीच्या गाडीनं सरहद्दीच्या पुलाकडे नीघ."

"मग पाखरूच ठरेन. आणि तू इथं एकटी राहशील पाखराची बहीण."

"मग फक्त मुताजला सांग. त्याला बाजूला घेऊन सांग. म्हातारीला कळायला नको."

"मुताजला आधी सांगितलं तर तो तिला सांगेल. तिनं माझ्या तोंडून ऐकावं." त्यानं ब्रश खाली ठेवला. "सांगितलं नाही तर गद्दार म्हणून मारतील. सांगितलं तर जिला आई म्हणतो ती जाईल. किती शुक्रवार मी तिच्यासमोर आमीन म्हटलंय, तुला ठाऊक आहे. दर वेळी वाटायचं, आता लागेल शाप. लागत नव्हता, हेच जास्त जड जायचं."

मला त्याचा असा काही कळवळा आला म्हणून सांगू. आणि हिल्मीचाही आला. दोघांचा एकदम कळवळा येणं म्हणजे काय असतं ते ज्याचं त्यालाच कळतं.

शुक्रवारी तो मशिदीत गेला नाही. नमाजाच्या आधीच आम्ही दोघं उम्म हिल्मीकडे निघालो. गल्लीत माणसं होती. कोणी बोललं नाही, वाट तेवढी दिली, जरा जास्तच दिली. शकीब टॅक्सी पुसत होता, तो वाकून टायर बघायला लागला. एरवी त्यानं मला दहा टोमणे मारले असते. कोपऱ्यावर काही तरणी पोरं भिंतीला टेकून उभी होती, ती आम्ही पुढे गेल्यावर मागून चालायला लागली. मी वळून बघितलं तर थांबली. मग पुन्हा चालायला लागली.

उम्म हिल्मी शेगडीपाशी बसली होती. मुताज दारात उभा होता, जाकीट अंगात, दारही उघडंच. बाहेर ती पोरं अंगणाच्या भिंतीपर्यंत आली होती. तिनं आम्हाला बसा म्हटलं. कॉफी केली, नेहमीसारखी वेलदोडा घालून, आणि पहिला कप जौदतपुढे धरला.

त्यानं तो घेतला आणि ओठाला न लावता खाली ठेवला.

मागणं घेऊन आलेला माणूस असंच करतो. खुनाच्या घरी समेटाला जातात तेव्हा, मुलगी मागायला जातात तेव्हा. कप खाली ठेवायचा आणि घरच्या माणसानं "पी" म्हटल्याशिवाय शिवायचा नाही. म्हणेपर्यंत तो पाहुणा नसतो. उम्म हिल्मीनं कपाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. हाताखालून पोरं मोठी केलेली बाई ती, तिला सांगावं लागत नाही. "बोल," ती म्हणाली.

तो बोलला. गच्चीवर मला सांगितलं तसंच, काही वाढवलं नाही, काही वगळलं नाही. खुर्ची सांगितली नाही, मार सांगितला नाही. अंडं सांगितलं. भाकरी सांगितली. सपाट दगड सांगितला. "यम्मा, विहीर मी दाखवली," म्हणाला. "शाप ज्याला द्यायचा होता त्यालाच देत होतीस. मी पाखरू नव्हतो. त्यापेक्षा कमी काही केलं नाही. तुला जे करायचं ते कर, मुताजला जे करायचं ते करू दे. पण पाखरू म्हणून नको."

मुताज दोन पावलं पुढे आला. त्याचा हात खिशात गेला होता. मी उठून मध्ये उभी राहिले. कशी उठले, गुडघे दुखतात माझे, पण उठले. "आधी मला," मी म्हटलं.

"बसा तुम्ही, उम्म नाजी," म्हातारी म्हणाली. आवाज चढला नव्हता. ती जौदतकडे बघतही नव्हती. तिनं पोराकडे मान वळवली. "मुताज. तू रविवारी येऊन मला काय सांगितलंस?"

"काय सांगितलं? हेच. की याला तिथले शब्द पाठ आहेत."

"नाही. तू म्हणालास, तिसऱ्या दिवशीचे शब्द याला पाठ आहेत. चार वेळा म्हणालास. तिसऱ्या दिवशी भाकरीचं विचारतात, म्हणालास."

"मग?"

"शेडमध्ये यानं तिसरा दिवस म्हटलं होतं?" हे तिनं मला विचारलं.

मी तिथंच होते, पळी हातात घेऊन उभी होते. मला सगळं आठवत होतं. खोटं बोलावंसं वाटलं, पहिल्यांदाच इतकं वाटलं, पण तिच्या डोळ्यांसमोर मला जमलं नाही. "नाही," मी म्हटलं. "दिवस कोणीच सांगितला नव्हता. बाकीच्यांना तर ते त्यानं मनानं रचलं असंच वाटलं."

"मग तुला कसं कळलं?" ती मुताजला म्हणाली. "तूही पहिल्याच दिवशी ओळखलं होतंस ना?"

मुताजचा हात खिशातून बाहेर आला, रिकामाच. तो भिंतीला टेकला. सतराचा होता तो तेव्हा. हिल्मीची भाकरी कधी कधी तोच घेऊन जायचा, हे मला त्या क्षणी आठवलं, आणि मी जौदतकडे पाहिलं, तर त्यालाही आठवलं होतं. वीस वर्षं जौदत एकट्यानं ते ओझं वाहत होता, आणि त्याच्यासमोर हा उभा होता. दोघांपैकी कुणाचं ऐकून सैनिक विहिरीवर गेले, हे त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या दोघांनाही नाही.

मुताजचे ओठ हलायला लागले. "यम्मा," तो म्हणाला, "मला वाटलं, तो उपाशी..."

"जौदत," म्हातारी मध्येच म्हणाली, आणि आता तिचा आवाज असा चढला की अंगणातल्या पोरांनाही ऐकू गेला असेल. "कॉफी पी."

जौदतला कळेना. तो तिच्याकडे बघत राहिला.

"पी म्हणते ना. घरात आलेला माणूस कॉफी न घेता बसतो काय?"

त्यानं कप उचलला. कॉफी निवून गेली होती. तो सगळी प्यायला, थेंबही शिल्लक ठेवला नाही. तोवर ती त्याच्याकडेच बघत होती, डोळे न हलवता, कारण दुसरीकडे बघितलं असतं तर मुताज दिसला असता. मग तिनं रिकामा कप त्याच्या हातातून घेतला.

"मुताज," ती तशीच, पाठमोरी म्हणाली, "त्या पोरांना घरी जायला सांग. आणि दार लाव, वारा येतोय."